रेनमीटर स्किनमधील मास्क आणि उघडणाऱ्या पडद्याचे ॲनिमेशन वारंवार बिघडते तेव्हा : समस्या निवारण

रेनमीटर हा विंडोजच्या डेस्कटॉपवर घड्याळ, दिनांक, बॅटरी असे छोटे फलक दाखवणारा प्रोग्राम आहे, आणि अशा प्रत्येक फलकाला स्किन म्हणतात. स्वतःची स्किन तयार करणाऱ्या बहुतेकांना एक अडचण पुन्हा पुन्हा गाठते. पट्टीवर माउस नेला की शेजारचा पडदा सरकत उघडावा, त्यामागचा मजकूर दिसावा, आणि माउस बाजूला झाला की पडदा तितक्याच सहजपणे मिटावा, एवढीच अपेक्षा असते. पहिल्या दिवशी हे चालतेही. नंतर कधीतरी स्किन रिफ्रेश होते, संगणक निद्रावस्थेतून जागा होतो किंवा पट्टीची रुंदी थोडी बदलली जाते, आणि पडदा अर्ध्यावर अडकतो, मजकूर मुळीच दिसत नाही किंवा घड्याळाच्या काट्यासारखा दर सेकंदाला एकच टप्पा सरकतो. आकडे इकडचे तिकडे करून पाहिले की तात्पुरते बरे वाटते आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. ती परत येण्याचे कारण माझ्या मते एकच आहे: दोष एका पायरीवर असतो आणि दुरुस्ती दुसऱ्याच पायरीवर केली जाते.

पुढील विवेचनात पर्यायांची आणि आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. स्किनच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, रेनमीटरच्या माहितीपुस्तिकेत दिली आहेत तशीच लिहावी लागतात. उदाहरणासाठी माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपवरची स्किन घेतो. डाव्या बाजूला वार आणि दिनांक दाखवणारी अरुंद पट्टी आहे आणि तिच्या उजवीकडे २२० पिक्सेल रुंद व ९० पिक्सेल उंच असा कामांच्या यादीचा फलक आहे, जो एरवी झाकलेला असतो. फलक किती उघडा आहे हे सांगणारे एकच व्हेरिएबल, म्हणजे बदलती किंमत साठवणारे नाव, आहे; त्याला येथे ‘उघड’ म्हणू. ते शून्य असते तेव्हा फलक पूर्ण मिटलेला असतो आणि २२० असते तेव्हा पूर्ण उघडलेला.

दोष नेमका कोणत्या पायरीवर आहे

पडदा एक टप्पा सरकण्यासाठी तीन गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. प्रथम व्हेरिएबलची किंमत बदलली पाहिजे, नंतर ती नवी किंमत संबंधित मीटरने, म्हणजे स्किनमध्ये मजकूर, आकृती किंवा प्रतिमा दाखवणाऱ्या घटकाने, वाचली पाहिजे आणि शेवटी स्किन डेस्कटॉपवर नव्याने रेखाटली गेली पाहिजे. या तीन गोष्टी आपोआप एकत्र घडतात असे आपण नकळत गृहीत धरतो, कारण साध्या घड्याळाच्या किंवा बॅटरीच्या स्किनमध्ये दर सेकंदाच्या अपडेटमध्ये त्या खरोखरच एकत्र घडतात. ॲनिमेशनमध्ये मात्र आपण त्या अपडेटच्या मधल्या काळात काम करत असतो, त्यामुळे तिन्ही गोष्टी आपल्याला स्वतः सांगाव्या लागतात.

म्हणून फाइलमधील एकही आकडा बदलण्यापूर्वी रेनमीटरची ‘अबाउट’ खिडकी उघडावी आणि तिच्यातील ‘स्किन्स’ या विभागात आपली स्किन निवडावी. तेथे मेझर (माहिती मोजणारे किंवा कामे चालवणारे, स्वतः न दिसणारे घटक) आणि व्हेरिएबल यांच्या चालू किमती दिसतात. पट्टीवर माउस नेल्यावर ‘उघड’ची किंमत बदलतच नसेल, तर दोष माउसच्या क्रियेत किंवा ॲक्शनटाइमरमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने क्रिया चालवणाऱ्या प्लगइनमध्ये, आहे. किंमत बदलते पण डेस्कटॉपवर काहीच हलत नाही, असे असेल तर मीटर नवी किंमत वाचत नाही किंवा रेखाटनाचा आदेश राहून गेला आहे. किंमत बदलते, हालचालही होते, परंतु दिसायला हवे ते दिसत नाही, असे असेल तरच दोष मास्कमध्ये, म्हणजे मजकुराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या आवरणात, आहे. याच खिडकीतील ‘लॉग’ हा विभागही वाचावा. चुकीच्या नावाचा मीटर, न सापडलेली प्रतिमा, कंसांचा मेळ नसलेले सूत्र अशा गोष्टी तेथे स्पष्ट नोंदलेल्या असतात आणि अर्धा तास डोके खाजवण्यापेक्षा त्या दोन ओळी वाचणे केव्हाही बरे.

मास्कवर संशय असेल तर आणखी एक खात्रीची चाचणी आहे. मास्कचे काम करणाऱ्या मीटरला कंटेनर म्हणतात; त्याच्या आतील मीटरमधील ‘कंटेनर’ या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकून ती ओळ तात्पुरती निष्क्रिय करावी आणि स्किन रिफ्रेश करावी. आता मजकूर दिसू लागला तर मास्कच दोषी आहे हे सिद्ध झाले. तो भलत्याच जागी, बहुधा स्किनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसेल; त्याने गोंधळून जाऊ नये, कारण कंटेनरमध्ये असताना मीटरची जागा कंटेनरच्या कोपऱ्यापासून मोजली जाते आणि ती ओळ काढताच ती स्किनच्या कोपऱ्यापासून मोजली जाऊ लागते.

मजकूर मुळीच दिसत नाही

रेनमीटरमध्ये मास्क करण्याचे दोन मार्ग आहेत. केवळ एखाद्या प्रतिमेला विशिष्ट आकारात कापायचे असेल, उदाहरणार्थ छायाचित्र वर्तुळात बसवायचे असेल, तर प्रतिमेच्या मीटरमधील ‘मास्क इमेज नेम’ हा पर्याय पुरेसा असतो. परंतु मजकूर, आकृती आणि प्रतिमा या सर्वांना मिळून एकाच पडद्याआड ठेवायचे असेल आणि तो पडदा हलवायचा असेल, तर कंटेनरच वापरावा लागतो. एका मीटरला कंटेनर ठरवले की तो स्वतः रेखाटला जात नाही. त्याची अपारदर्शकता तेवढी मास्क म्हणून वापरली जाते. त्याचा जो भाग पूर्ण अपारदर्शक आहे तेथे आतील मजकूर पूर्ण दिसतो, जो भाग पूर्ण पारदर्शक आहे तेथे मुळीच दिसत नाही आणि मधल्या छटांमध्ये त्या प्रमाणात फिका दिसतो.

येथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक जुन्या सवयीतून येते. माउस ओळखला जावा पण डोळ्यांना काही दिसू नये यासाठी आपण सगळेच रिकाम्या पाटीला काळा रंग आणि १ इतका अल्फा (० ते २५५ मध्ये मोजलेली अपारदर्शकता) देत आलो आहोत, कारण अल्फा शून्य असलेल्या पिक्सेलवर माउस ओळखलाच जात नाही. हीच पाटी उचलून तिला कंटेनर केले की तिच्या आतील मजकूर २५५ पैकी फक्त १ इतक्या तीव्रतेने, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी दिसतो, आणि आपण मजकुराचा रंग, अक्षराचा आकार, मीटरचा क्रम असे सगळे तपासत बसतो. कंटेनरला नेहमी २५५ अल्फा द्यावा. रंग कोणता दिला याने काहीही फरक पडत नाही, कारण रंग रेखाटलाच जाणार नाही. मी सवयीने पांढरा देतो. याचीच दुसरी बाजू अशी की फलकाची पार्श्वभूमी कंटेनरच्या रंगावर सोपवता येत नाही. पार्श्वभूमीसाठी कंटेनरच्या आत स्वतंत्र मीटर ठेवावा लागतो.

एका कंटेनरच्या आत दुसरा कंटेनर ठेवता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. फलक आधीच कंटेनरमध्ये असताना त्यातील एखाद्या ओळीला वेगळा मास्क देण्याचा प्रयत्न केला, तर तो लागू होत नाही. अशा वेळी रचनाच बदलावी लागते: आतील ओळीचा मास्क आणि बाहेरचा पडदा यांचे सूत्र एकाच आकृतीत गुंफावे, किंवा आतील परिणाम मास्कऐवजी साध्या पारदर्शकतेने साधावा.

दर सेकंदाला एकच टप्पा सरकतो

ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर केला जाणारा रूढ उपाय पुढे दुसरे दुखणे निर्माण करतो. स्किनच्या मुख्य विभागातील ‘अपडेट’ची मूळ किंमत १००० मिलिसेकंद असते. पडदा सेकंदाला एक टप्पा सरकतो आहे असे दिसले की लोक ती किंमत १६ वर आणतात, जी रेनमीटरमधील किमान मर्यादा आहे, आणि पडदा गुळगुळीत सरकू लागतो. पण आता स्किनमधील प्रत्येक मेझर सेकंदाला साठाहून अधिक वेळा चालतो आहे: प्रोसेसरचा भार मोजणारा, बॅटरी पाहणारा, दिनांक वाचणारा, सगळेच. फलक मिटलेला असतानाही हे अखंड चालू राहते. लॅपटॉपचा पंखा विनाकारण फिरू लागतो आणि ज्या मेझरच्या ‘अपडेट डिव्हायडर’चे, म्हणजे किती अपडेटमागे एकदा चालायचे याचे, गणित एक सेकंद धरून केले होते ते सगळे कोलमडते. अपडेट १००० वरच ठेवावे आणि ॲनिमेशनचे काम ॲक्शनटाइमर या प्लगइनकडे सोपवावे, असा माझा आग्रह आहे. हे प्लगइन रेनमीटरसोबतच येते आणि क्रियांची यादी स्किनच्या अपडेटवर अवलंबून न राहता स्वतःच्या गतीने चालवते.

तथापि ॲक्शनटाइमर वापरूनही पडदा सेकंदाला एकच टप्पा सरकतो, असा अनुभव अनेकांना येतो, आणि मग प्लगइनवर विश्वास उरत नाही. कारण असे असते. ‘उघड’मध्ये ११ मिळवा, ही क्रिया आपण वीस वेळा, दर वेळी १६ मिलिसेकंद थांबून करायला सांगतो. परंतु त्या क्रियेच्या ओळीतील ‘उघड’ची किंमत मेझरने शेवटच्या अपडेटच्या वेळी वाचलेली असते. मेझर पुढच्या सेकंदापर्यंत अपडेट झाला नाही, तर वीसही वेळा शून्यात ११ मिळवले जातात आणि उत्तर वीसही वेळा ११ च येते. उपाय दोन भागांचा आहे. त्या मेझरमध्ये ‘डायनॅमिक व्हेरिएबल्स’ची किंमत १ असावी, आणि क्रियेच्या ओळीत व्हेरिएबल बदलल्यानंतर लगेच त्याच मेझरला अपडेट करण्याचा आदेश असावा. म्हणजे क्रियेच्या ओळीतील क्रम असा होतो: व्हेरिएबलला नवी किंमत द्या, ॲक्शनटाइमरचा मेझर अपडेट करा, संबंधित मीटर अपडेट करा, स्किन रेखाटा. चारांपैकी एकही आदेश गाळू नये आणि क्रमही बदलू नये.

मीटर अपडेट करताना तारांकन वापरून सगळ्याच मीटरना आदेश देणे सोपे असते, आणि लहान स्किनमध्ये त्याने बिघडत नाही. मोठ्या स्किनमध्ये मात्र हलणाऱ्या मीटरना एका गटाचे नाव द्यावे आणि तेवढाच गट अपडेट करावा. त्या मीटरमध्येही ‘डायनॅमिक व्हेरिएबल्स’ १ असणे आवश्यक आहे. अन्यथा मीटर फाइल वाचली गेली त्या क्षणाची किंमतच धरून बसतो आणि व्हेरिएबल बदलत असूनही पडदा जागचा हलत नाही. ‘सेट ऑप्शन’ या आदेशाने थेट मीटरचा पर्याय बदलत असाल तर ही अट लागत नाही, परंतु मीटर अपडेट आणि रेखाटन हे दोन आदेश तेव्हाही लागतातच.

थांबण्याचा काळ १६ मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्याहून घाईने रेखाटलेले टप्पे कोणाला दिसतच नाहीत. वेग वाढवायचा असेल तर टप्पा मोठा करावा.

पडदा शेवटपर्यंत पोहोचत नाही

टप्प्यांची संख्या आणि टप्प्याची लांबी यांचा गुणाकार एकूण अंतराइतका आला पाहिजे, हे उघड असले तरी रुंदी बदलताना नेमके तेच विसरले जाते. १२ पिक्सेलचे १८ टप्पे २१६ पिक्सेल देतात आणि ४ पिक्सेलचा भाग झाकलेलाच राहतो. म्हणून टप्पे एखाददुसरा जास्तच ठेवावे आणि किंमत ‘क्लॅम्प’ या फंक्शनने शून्य ते २२० च्या मर्यादेत बांधून टाकावी. असे केले की जास्तीचा टप्पा निरुपद्रवी ठरतो, आणि अर्ध्यावरून परत फिरलेला पडदाही मर्यादेबाहेर जात नाही.

काहींना पडदा सुरुवातीला वेगाने आणि शेवटी हळू सरकलेला आवडतो. मलाही तोच डोळ्यांना सुखावह वाटतो. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला उरलेल्या अंतराचा चौथा भाग कापायचा, असे सूत्र सोपे पडते. पण या सूत्राने पडदा शेवटापर्यंत कधीच पोहोचत नाही. २२० पैकी १२ टप्प्यांनंतर सुमारे ७ पिक्सेल उरतात आणि वीस टप्प्यांनंतरही पाऊण पिक्सेलच्या जवळपास उरतो. उघडण्याच्या क्रियांच्या यादीच्या शेवटी, पुनरावृत्ती संपल्यानंतर, ‘उघड’ला थेट २२० करणारी एक वेगळी क्रिया जोडावी. मिटण्याच्या यादीच्या शेवटी तशीच क्रिया शून्य करण्यासाठी असावी. पडदा मिटल्यावर कडेला बारीक रेघ दिसत राहते, ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते. तरीही रेघ उरली तर कंटेनर म्हणून वापरलेल्या आकृतीच्या कडेची जाडी तपासावी. ‘शेप’ मीटरमध्ये काही न सांगितल्यास आकृतीला १ पिक्सेल जाडीची कड मिळते आणि मास्कच्या दृष्टीने तीही अपारदर्शकच असते. ती जाडी शून्य करावी.

पडद्याबरोबर मजकूरही सरकतो

डावीकडून उजवीकडे उघडणारा पडदा सहसा त्रास देत नाही, कारण तेथे कंटेनरचा डावा कोपरा स्थिर असतो आणि फक्त रुंदी वाढते. उजवीकडून डावीकडे किंवा मध्यापासून दोन्ही बाजूंना उघडायचे असेल तेव्हा मात्र आपण कंटेनरची जागाही बदलतो, आणि आतील प्रत्येक मीटर कंटेनरच्या कोपऱ्याला बांधलेला असल्यामुळे मजकूरही त्याच्यासोबत वाहून जातो. पडदा बाजूला झाल्याचा आभास जातो आणि सगळा फलकच घसरत आल्यासारखा दिसतो. काहीजण आतील प्रत्येक मीटरला उलट दिशेने तेवढेच सरकवून हे सांभाळतात. ते शक्य आहे, पण दहा मीटरमध्ये दहा सूत्रे लिहावी लागतात आणि त्यांपैकी एक चुकले की तेवढीच ओळ थरथरते.

याहून निर्मळ रचना अशी आहे. कंटेनर म्हणून ‘शेप’ मीटर घ्यावा, त्याची जागा, रुंदी आणि उंची कायमची निश्चित करावी, म्हणजे २२० बाय ९०, आणि ॲनिमेशनमध्ये त्या मीटरला हातही न लावता त्याच्या आत रेखाटलेला आयत तेवढा बदलावा. उजवीकडून उघडायचे असेल तर आयताची सुरुवात २२० वजा ‘उघड’ येथे आणि रुंदी ‘उघड’ इतकी. मध्यापासून उघडायचे असेल तर सुरुवात त्याच्या निम्म्यावर. आतील मीटर कंटेनरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात, आयताच्या कोपऱ्यापासून नव्हे, त्यामुळे मजकूर जागीच राहतो आणि त्याच्यावरून पडदा सरकतो. आयताऐवजी लंबवर्तुळ घेतले तर फलक मध्यापासून फुलल्यासारखा उघडतो. आयताला सपाट रंगाऐवजी रंगछटांचा उतार दिला आणि त्याच्या एका टोकाचा अल्फा शून्य, दुसऱ्याचा २५५ ठेवला, तर पडद्याची कड मऊ होते आणि मजकूर धुक्यातून यावा तसा प्रकटतो. या शेवटच्या परिणामासाठी पूर्वी मी वेगवेगळ्या टप्प्यांच्या प्रतिमा तयार करून ठेवत असे. एका सूत्रात ते होऊ लागल्यापासून मागे वळून पाहिलेले नाही.

ज्यांना संपूर्ण स्किन केवळ विरून जायला हवी आहे त्यांनी मास्कच्या वाटेला जाऊच नये. त्यासाठी स्किन हळूच दाखवण्याचे आणि लपवण्याचे तयार आदेश आहेत, आणि त्यांचा ‘फेड ड्युरेशन’ हा काळ मुळात २५० मिलिसेकंद असतो.

माउस नेताच पडदा थरथरतो

येथे दोन वेगवेगळी कारणे एकसारखीच लक्षणे दाखवतात. पहिले असे की उघडण्याची यादी अजून चालू असताना माउस बाहेर जातो आणि मिटण्याची यादी सुरू होते. आता दोन याद्या एकाच व्हेरिएबलला विरुद्ध दिशांना ओढत असतात. प्रत्येक माउसक्रियेत आधी विरुद्ध यादीला थांबण्याचा आदेश द्यावा आणि मगच आपली यादी सुरू करावी. किंमत एकाच व्हेरिएबलमध्ये असल्यामुळे पडदा जेथे होता तेथूनच मागे फिरतो. दोन्ही दिशांसाठी वेगळी व्हेरिएबल ठेवली असतील तर तो उडी मारतो.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. माउसची क्रिया हलणाऱ्या मीटरलाच जोडलेली असते. मीटर सरकतो, माउसखालून निघून जातो, ‘माउस बाहेर गेला’ अशी नोंद होते, मीटर परत येतो, पुन्हा ‘माउस आत आला’. हे चक्र अखंड चालते. कंटेनरबाहेर गेलेल्या, झाकलेल्या भागावर माउस ओळखला जात नाही, त्यामुळे मास्क आल्यावर हा प्रकार अधिकच वाढतो. माउसच्या क्रिया हलत्या मीटरला न जोडता स्किनच्या मुख्य विभागात लिहाव्या, आणि माउस ओळखला जावा यासाठी कंटेनरबाहेर एक स्थिर पाटी ठेवावी. ती काळ्या रंगाची आणि अल्फा १ असलेली जुनी पाटी येथे अगदी योग्य जागी आहे.

मात्र ही पाटी सदैव पूर्ण रुंदीची ठेवली तर मिटलेल्या फलकाच्या रिकाम्या जागेवरून माउस गेला तरी फलक उघडतो, आणि त्या जागेखालच्या डेस्कटॉपवरील आयकॉनवर क्लिकही करता येत नाही. मी पाटी एरवी पट्टीइतकीच अरुंद ठेवतो, उघडण्याच्या यादीच्या पहिल्या क्रियेत ती एकदम पूर्ण रुंद करतो आणि मिटण्याच्या यादीच्या अगदी शेवटी पुन्हा अरुंद करतो. मधल्या टप्प्यांत पाटी हलत नाही, म्हणून चक्र सुरू होण्याचा प्रश्नच उरत नाही.

संपूर्ण खिडकीच थरथरत असेल, पट्टीसकट, तर ‘डायनॅमिक विंडो साइझ’ तपासावे. ते चालू असेल आणि एखादा मीटर कंटेनरबाहेर राहून हलत असेल, तर प्रत्येक टप्प्याला खिडकीचे मोजमाप बदलते. स्किनची रुंदी आणि उंची मुख्य विभागात निश्चित करून टाकावी.

मराठी मजकूर असेल तर

वार आणि महिन्याची नावे मराठीत दाखवण्यासाठी ‘टाइम’ मेझरमध्ये ‘फॉरमॅट लोकेल’ हा पर्याय आहे. तेथे मराठी व भारत यांचा सांकेतिक शब्द दिला की ‘शुक्रवार’, ‘ऑगस्ट’ अशी नावे थेट मिळतात. स्किनच्या फाइलमध्येच देवनागरी मजकूर लिहिला असेल तर फाइल यूटीएफ-१६ लिटल एंडियन या संकेतनात (एन्कोडिंगमध्ये) जतन करावी, नाहीतर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. एखाद्या संपादकात फाइल उघडून जतन करताना संकेतन नकळत बदलले जाते आणि कालपर्यंत ठीक असलेली स्किन आज बिघडते. वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींत हीही एक आहे.

मास्कच्या बाबतीत देवनागरीची स्वतःची गरज आहे. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या उंचीत वरची वेलांटी, मात्रा आणि रफार कापले जातात, खालचे उकार आणि ऋकार अर्धवट दिसतात. कंटेनर नसताना हे लक्षात येत नाही, कारण अक्षर मीटरच्या मर्यादेबाहेर थोडे डोकावले तरी दिसते. कंटेनर मात्र ते निर्दयपणे छाटतो. निर्मला यूआय किंवा मंगल या टंकांत चाचणी घेताना ‘सर्वांनी’, ‘मूर्ती’, ‘कृत्रिम’ असे वर-खाली पसरणारे शब्द वापरावे आणि कंटेनरची उंची त्यांच्यावरून ठरवावी. मजकूर मध्यभागी किंवा उजवीकडे जुळवलेला असेल तर मीटरची आडवी जागा म्हणजे मजकुराचा मध्य किंवा उजवे टोक असते, हे विसरल्यामुळेही अर्धा मजकूर कंटेनरबाहेर जातो.

अक्षर-अक्षर करून मजकूर उमटवण्याचा परिणाम इंग्रजी स्किनमध्ये लोकप्रिय आहे आणि तो मराठीत जसाच्या तसा आणू नये, असे मी कळकळीने सांगेन. संगणक अक्षरे मोजत नाही, युनिकोडची चिन्हे मोजतो. ‘शुक्रवार’ या शब्दात आपल्याला शु, क्र, वा, र अशी चार अक्षरे दिसतात, पण चिन्हे आठ आहेत. पहिल्या चार चिन्हांवर थांबले तर डेस्कटॉपवर ‘शुक्’ असा पाय मोडलेला क उमटतो, आणि पुढच्याच टप्प्याला तो क्र होऊन जातो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अक्षर मोडून पुन्हा जुळते. त्याऐवजी संपूर्ण शब्द एकाच मीटरमध्ये ठेवून वर सांगितलेला मऊ कडेचा पडदा डावीकडून उजवीकडे सरकवावा. जोडाक्षर अखंड राहते आणि लिहिले जात असल्याचा भासही टिकतो. आपल्या लिपीसाठी मास्क ही केवळ शोभेची गोष्ट नाही. अक्षर न मोडता मजकूर प्रकट करण्याचा तोच नेटका मार्ग आहे.

रिफ्रेशनंतर किंवा संगणक जागा झाल्यावर बिघडते

व्हेरिएबलला आदेशाने दिलेली किंमत फक्त स्किन चालू असेपर्यंत टिकते; रिफ्रेश होताच फाइलमध्ये लिहिलेली मूळ किंमत परत येते. फलक उघडा ठेवायचा की मिटलेला, ही वापरकर्त्याची निवड लक्षात ठेवायची असेल तर ती फाइलमध्ये लिहावी लागते, आणि तेथे दोन चुका होतात. एक तर प्रत्येक टप्प्याला फाइलमध्ये लिहिले जाते, जे डिस्कवर विनाकारण भार टाकते. दुसरे म्हणजे पिक्सेलची किंमत लिहिली जाते. यादी मध्येच थांबली तर १४३ सारखी किंमत फाइलमध्ये राहते आणि त्यानंतर प्रत्येक रिफ्रेशला फलक अर्धवट उघडा दिसतो. हेच ते ‘काहीही न बदलता बिघडलेले’ प्रकरण. फाइलमध्ये फक्त अवस्था लिहावी, मिटलेल्यासाठी शून्य आणि उघड्यासाठी १, आणि तीही यादीच्या शेवटच्या क्रियेत. स्किन सुरू होताना ‘उघड’ची किंमत त्या अवस्थेला २२० ने गुणून काढावी.

हा २२० चा आकडाही फाइलमध्ये एकाच जागी असावा. रेनमीटरच्या स्किन पिक्सेलमध्ये मोजल्या जातात आणि विंडोजने मजकूर दीडपट मोठा केला तरी त्या आपोआप मोठ्या होत नाहीत, म्हणून बहुतेक जण स्वतःचे एक प्रमाणाचे व्हेरिएबल ठेवतात. अक्षरांना आणि पार्श्वभूमीला ते लावले, पण कंटेनरच्या रुंदीला, क्लॅम्पच्या मर्यादेला आणि शेवटच्या क्रियेला लावायचे राहिले, तर मोठ्या मॉनिटरवर फलक दोन तृतीयांश उघडून थांबतो. रुंदी एका व्हेरिएबलमध्ये लिहून सर्वत्र तेच वापरावे.

संगणक निद्रावस्थेत गेला तेव्हा यादी चालू असेल तर जाग आल्यावर फलक कोणत्या स्थितीत असेल याचा भरवसा नसतो, आणि माउस तेथे नसल्यामुळे मिटण्याची क्रियाही घडत नाही. स्किनच्या मुख्य विभागात जाग आल्यावर चालणारी ‘ऑन वेक ॲक्शन’ ही क्रिया लिहावी: दोन्ही याद्या थांबवा, ‘उघड’ला नोंदलेल्या अवस्थेची किंमत द्या, ॲक्शनटाइमरचा मेझर आणि मीटर अपडेट करा, पाटी त्या अवस्थेप्रमाणे अरुंद किंवा रुंद करा आणि एकदा रेखाटा. यातला मेझर अपडेट करण्याचा आदेश सुटला तर जागे झाल्यावर पहिल्यांदा माउस नेताना पडदा जुन्या किमतीवरून सुरू होऊन एक झटका घेतो.